साठ लिटरचा समुद्र

कोपरीच्या खाडीकाठी गुणाजीला ओळखत नाही असा होडीवाला सापडायचा नाही. चाळीस वर्षं तो होड्या दुरुस्त करत आला, आधी लाकडाच्या, मग फायबरच्या. फुटलेल्या तळावर काचधाग्याची चटई अंथरायची, तिला रेझिन पाजायचं, ते घट्ट करणारा हार्डनर त्यात किती घालायचा ते त्या दिवशीच्या हवेवरून ठरवायचं. हे सगळं त्याच्या हातात इतकं मुरलेलं की गप्पा मारता मारता तो काम उरकायचा. 'गुणाजीचा सांधा आहे' म्हटलं की माणूस निर्धास्तपणे होडी पाण्यात लोटायचा.

त्याच्या मुलीनं, वर्षालीनं, त्याला फोन करून ठाकुर्लीला बोलावलं ते मात्र कुठल्या दुरुस्तीसाठी नव्हे. तिचा नवरा सम्यक बाईकवरून पडला होता आणि उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. वर्षाली ठाण्यात एका हॉस्पिटलात नर्स. तिच्या ड्युट्यांना वेळकाळ नसे.

"आई बाजार सोडून येणार नाही, मला माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही तरी या आठवडाभर. त्याला डाव्या हातानं साधा कुकर उघडता येत नाही."

"मना तरी कुठं येतो," गुणाजी म्हणाला, पण गेला. बायकोनं, शेवंतीनं, जवळ्याचा डबा आणि सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली. त्यानं स्वतःची कामाची पिशवी घेतली. तीत कानस, पटाशी, भेगा बुजवायच्या पुटीचे डबे, थिनरची बाटली असं काय काय असायचं. लग्नाला निघाला तरी ती पिशवी त्याच्या खांद्यावर असे. शेवंतीनं त्यावरून बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

जावयाशी त्याचं वाकडं नव्हतं. सात वर्षांपूर्वी वर्षालीनं कल्याणच्या चाळीत वाढलेला, बौद्ध घरातला हा मुलगा निवडला तेव्हा गुणाजी दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी लग्नासाठी हॉल बघायला निघाला. भांडण कधीच झालं नाही. बोलणंही जमलं नाही, एवढंच. सम्यक डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता; हळू बोलायचा, तोलून बोलायचा. गुणाजी त्याला 'सम्यकराव' म्हणायचा, तो गुणाजीला 'बाबा', आणि 'जेवलात का', 'हो, तुम्ही' यापुढे दोघांची गाडी सरकत नसे.

पाचव्या मजल्यावरच्या त्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात, लाकडी स्टँडवर एक काचेची टाकी होती. दोन फूट लांब असेल. वर निळसर दिवा, तळाला पांढरी रेती, मध्ये दगडांची एक कमान, आणि दगडांवर कसले कसले मऊ गोळे. पाणी खारं. ते सम्यक घरीच करायचा, गाळलेल्या पाण्यात मोजून मीठ घालून.

"मीठ विकत आणून समुद्र करता?" गुणाजीनं पहिल्या दिवशी विचारलं. त्याच्या आज्यानं उभा जन्म मिठागरात घालवला होता, समुद्र आटवून मीठ करण्यात.

सम्यक हसला. "साठ लिटरच आहे, बाबा."

"पण कशाला?"

सम्यकनं जरा विचार केला. "दिवसभर मी लोकांचं रक्त बघतो. कोणाची साखर वाढलेली, कोणाचे प्लेटलेट्स उतरलेले. घरी आल्यावर आजारी नसलेलं काहीतरी बघावंसं वाटतं."

उत्तर गुणाजीला वावगं वाटलं नाही, पण टाकीकडे त्यानं काही वळून बघितलं नाही. त्याच्या हिशेबी पाण्यातली वस्तू एक तर जाळ्यात असते, नाहीतर टोपलीत, नाहीतर तव्यावर. काचेत ठेवून नुसती बघायची, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. दोन दिवस तो तिच्याकडे पाठ करून टीव्ही बघत बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्षाली ड्युटीवर गेली आणि सम्यक एक्स-रेसाठी डोंबिवलीला. गुणाजी घरात एकटाच होता. दहा-साडेदहा वाजले असतील. तो चहाचा कप विसळत असताना हॉलमधून दबका धप्प असा आवाज आला, ओल्या पोत्यावर काहीतरी पडावं तसा. येऊन बघतो तर टाकीतलं पाणी गढूळ झालेलं. रेती हळूहळू खाली बसली तेव्हा दिसलं, की कमान कोसळली होती. वरचा आडवा दगड रेतीत तिरका रुतला होता आणि त्याच्यावरचा एक गोळा, सुपारीपेक्षा थोडा मोठा, तुटून उपडा पडला होता. आतली रेती कोणीतरी उकरून एका बाजूचा पाया पोखरला होता, हेही त्याच्या नजरेनं टिपलं.

त्याला जावयाची कीव आली. एक तर हात मोडलेला, त्यात हे. आणि मनात आलं की आपण इथे रिकामे बसलोय, चिकटवणं हे तर आपलंच काम. पोरगा परत येईपर्यंत उभं करून ठेवू. त्यानं पिशवी उघडली. होडीची पुटी घेतली, वर्तमानपत्रावर हार्डनर मिसळून मळली, हाताला चिकटलेली थिनरनं पुसली. बाही खांद्यापर्यंत वर केली, झाकण बाजूला केलं, आणि टाकीवर ओणवा झाला.

तेवढ्यात त्याला तो मासा दिसला.

करंगळीएवढा, पिवळसर, अंगावर बारीक ठिपके. पडलेल्या दगडाच्या कडेशी रेतीवर टेकून बसला होता. खाडीतल्या चिखलावर निवट्या बसतात ना, अगदी तशी बैठक, तसेच वर आलेले डोळे. पण गुणाजी थबकला तो बैठकीमुळे नव्हे. त्याची सावली माशावर पडली होती आणि मासा हलला नव्हता. सावली पडली की मासा पळतो. हे कोळ्याच्या पोराला चालायला लागण्याआधी कळतं. गुणाजीनं हात हलवला. माशानं डोळे फिरवले, अंग थरथरवलं, पण जागा सोडली नाही. आजारी म्हणावं तर कल्ले नीट चाललेले. अडकला म्हणावं तर मोकळा. पुटी हातात घट्ट होत चालली होती आणि गुणाजी तसाच ओणवा उभा राहून त्या बोटभर माशाकडे बघत राहिला.

दाराला किल्ली लागली. सम्यक आत आला. त्यानं टाकी बघितली, मग गुणाजीचा हात, मग नाकानं हवा ओढली.

"बाबा, थांबा. हात पाण्यात घातला का?"

"नाय."

"बोटसुद्धा नाही?"

"नाय म्हटलं ना."

सम्यक सोफ्यावर बसला. चेहरा पांढरा पडला होता. गुणाजीला राग आला. चाळीस वर्षांत त्याच्या हातातल्या पुटीकडे असं कोणी बघितलं नव्हतं.

"पुटी चांगली हाय," तो म्हणाला. "समुद्रात बोटी चालतात तिच्यावर."

"चालतात, बाबा. पण ती तिथे सुकल्यावर पाण्यात जाते. आणि तुमची होडी खाडीत असते. खाडी दिवसातून दोनदा धुऊन निघते. ओली पुटी यात गेली तर तिचं जे काही सुटेल ते जाणार कुठे? थिनरचा हात बुडाला तरी तेच. ह्या समुद्राला ओहोटी नाही."

गुणाजीला एकदम ते घमेलं आठवलं. पंधरा-वीस वर्षं झाली असतील. शेवंतीनं बाजारासाठी जिवंत चिंबोऱ्या घमेल्यात पाणी घालून शेडमध्ये ठेवल्या होत्या आणि त्यानं घाईत रेझिनचा ब्रश त्याच पाण्यात खळबळवला होता. एकदाच, नुसता बुडवून काढला होता. तासाभरात चिंबोऱ्यांनी पाय टाकले आणि सगळ्या मेल्या. शेवंतीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, ऊन लागलं असेल. आजवर हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं पुटीचा गोळा वर्तमानपत्रात गुंडाळला, मोरीत गेला, आणि साबणानं तीनदा हात धुतले. बाहेर येऊन दोन्ही हात सम्यकच्या नाकासमोर धरले.

"येतो वास?"

"नाही," सम्यक म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा उतरला. "मी रागानं नाही बोललो, बाबा."

"बरोबर बोललात. आता काय करायचं ते सांगा. हात माझे हायत."

पण सम्यकचं लक्ष टाकीकडे गेलं होतं. तो काचेजवळ गुडघ्यावर बसला. "चौकीदार इथेच बसलाय," तो हळूच म्हणाला. "म्हणजे ती खाली आहे."

"ती कोण?"

मग सम्यकनं सांगितलं. टाकीत एक कोळंबी होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. तिला धड दिसत नाही. दिवसभर ती रेती उकरून बीळ करते, आणि हा मासा त्या बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. कोळंबी बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी सतत माशाच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की मासा शेपूट हलवतो आणि ती आत पळते. बीळ तिचं, डोळे त्याचे. दोघं एकाच घरात राहतात. कमानीचा पाया तिनंच पोखरला असणार, आणि दगड तिच्याच बिळावर पडला होता.

गुणाजीनं माशाकडे पुन्हा बघितलं. एवढा वेळ तो त्याच्या सावलीखाली का बसून होता ते आता कळलं.

"जिवंत असंल?"

"माहीत नाही. दगड ओढत काढला तर रेती ढासळेल. सरळ वर उचलायला हवा."

गुणाजीनं कान काचेला लावला. का लावला ते त्यालाही सांगता आलं नसतं. होडीचा तळ तपासताना तो असाच कान लावायचा. सम्यकनं टाकीचं पाणी फिरवणारा पंप बंद केला. घरात शांतता झाली. खाली रस्त्यावर रिक्षा वळत होती तिचा आवाज विरला. आणि काचेतून आवाज आला, लहान पण टणक: चट्.

गुणाजी ताठ झाला. पुन्हा कान लावला. चट्. चट्.

"जिवंत आहे," सम्यक म्हणाला. "तीच आहे ती."

"हा आवाज मना ठाऊक हाय," गुणाजी म्हणाला.

तो आठ-नऊ वर्षांचा असताना बाप, त्र्यंबक, त्याला होडीत न्यायचा. दुपारी पाणी थांबलं की जाळं टाकून बाप विडी ओढायचा आणि पोर होडीच्या तळाला आडवं व्हायचं. फळीला कान लागला की खालून आवाज यायचा, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. एक नाही, शेकडो, सगळीकडून. तो बापाला विचारायचा, आणि बाप म्हणायचा, खाडी दाणे भाजतेय. पुढे त्यानं अनेकांना विचारलं. कोण म्हणे चिखलातली हवा सुटते, कोण म्हणे लाकूड बोलतं. लाकूड गेलं, फायबर आलं, तरी आवाज तोच. पंचावन्न वर्षं तो आवाज गुणाजीच्या कानाखाली वाजत होता आणि करणारा कोण ते ठाऊक असलेलं माणूस त्याला भेटलं नव्हतं.

"हिचेच जातभाई असणार," सम्यक म्हणाला. "हिची एक नांगी मोठी असते. ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात एक पोकळी होते. ती पोकळी फुटते त्याचा तो आवाज. नांगीचा नव्हे, पाण्याचाच."

गुणाजीनं बोटाची दोन पेरं अंगठ्यानं मोजली. "एवढीशी?"

"एवढीशी."

त्यानं बाही पुन्हा खांद्यापर्यंत सरकवली. मग म्हणाला, "चल, आधी तिला काढू."

तो 'चल' म्हणाला होता हे दोघांनाही उमगलं नाही.

सम्यकनं लॅबचे रबरी मोजे दिले आणि डोळ्यांवर लावायला मोठा चष्मा. गुणाजी कुरकुरला. पण सम्यकनं तुटलेल्या गोळ्याकडे बोट दाखवलं. तो गोळा म्हणजे एक जीव नव्हता, पंधरा-वीस जिवांची वस्ती होती. सम्यक त्यांना झोआ म्हणायचा. दगडी पोवळं घरी ठेवायला कायद्यानं मनाई, ही मऊ जात चालते. पण काही झोआंच्या अंगात जबर विष असतं. जखमेतून गेलं किंवा डोळ्यात उडालं तर माणूस थेट वर्षालीच्या वॉर्डात. "कापायचं नाही, घासायचं नाही, आणि काम संपेपर्यंत तोंडाला हात नाही," सम्यक म्हणाला. गुणाजीनं मुकाट्यानं चष्मा चढवला.

दगड त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि श्वास रोखून सरळ वर घेतला, जराही न डुलवता. खालच्या खड्ड्यात, रेतीच्या भिंतीला चिकटून, ती होती. वाळूच्या रंगाची, अंगावर तपकिरी पट्टे, एक नांगी दुसरीच्या दुप्पट. मिशा हवेत चाचपडाव्या तशा पाण्यात फिरत होत्या. मासा दोन बोटं पुढे सरकला. मिशी फिरत फिरत त्याच्या पाठीवर येऊन टेकली आणि तिथेच थांबली.

गुणाजीचे हात पाण्यात होते, दगडाचं वजन मनगटात उतरलं होतं, पण त्यानं तो बाहेर काढला नाही. त्यानं आयुष्यात टोपल्याच्या टोपल्या कोळंबी बघितली होती. सोलली होती, खाल्ली होती, सुकवली होती. एक कोळंबी दुसऱ्या कोणाला शोधते हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"बाबा, दगड," सम्यक म्हणाला.

"हो, हो."

दगड आणि झोआचा गोळा टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत ठेवले. मग दोघं बसले जोडणीचा विचार करायला, आणि इथे मात्र गुणाजीचं चाललं. सम्यकला कमान होती तशी डिंकानं पुन्हा उभी करायची होती. गुणाजीनं मान हलवली.

"चिकटवायचं शेवटी. आधी वस्तू आपल्या वजनावर बसली पाहिजे. आणि रेतीवर पाया कोण घालतो? ती उद्या परत उकरंल."

त्यानं खांबाचे दोन्ही दगड रेती बाजूला करून थेट काचेवर टेकवले, खाली प्लॅस्टिकच्या जाळीचा तुकडा घालून, म्हणजे काचेला ओरखडा नको. आता तिनं कितीही उकरलं तरी पाया हलणार नव्हता. आडवा दगड त्यांच्यावर बसवून बघितला. डगडगत होता. कानस त्यानं पिशवीतून काढली आणि स्वतःच परत ठेवली. तिला तेल होतं, गंज होता. त्याऐवजी सम्यकनं एक सुटा दगड दिला आणि गुणाजी दगडावर दगड घासत बसला. अर्ध्या तासानं आडवा दगड खांबांवर असा बसला की सम्यकनं डाव्या हातानं ढकलला तरी हलेना.

"आता तुमचा डिंक," गुणाजी म्हणाला.

सम्यकनं दोन वस्तू काढल्या. एक सुपरग्लूची ट्यूब, पण पातळ नव्हे, जेल. दुसरी मत्स्यालयासाठी बनवलेली पुटी, दोन रंगांची कांडी, मळून एक रंग करायची. ट्यूबवरची बारीक अक्षरं त्यानं गुणाजीला मोठ्यानं वाचून दाखवली. त्यात एकच रसायन, इतर काही मिसळ नाही, हे आधी बघायचं. काचेचा सांधा गळला तर सिलिकॉन लागतं, पण बाथरूमचं बुरशी मारणारं नव्हे. बुरशी मारतं ते बाकीच्यांनाही सोडत नाही. आणि ते पाण्याबाहेर पूर्ण सुकवायचं, व्हिनेगरचा वास मरेपर्यंत.

गुणाजी कान देऊन ऐकत होता. मध्येच सम्यकनं बोट पुसायला जुन्या बनियनचा तुकडा उचलला तसा त्यानं तो हिसकावून घेतला. "कापूस नको. ह्या ग्लूला कापूस लागला की तापतो, धूर निघतो. माझी दोन बोटं भाजलेली." यावर सम्यकनं नुसती मान डोलावली, पण त्या मानेत बरंच काही होतं.

सांध्यावर आधी जेल, मग पुटी, मग पुन्हा जेल. पुटी मळताना बोटाखाली ऊब येत होती. सम्यक म्हणाला, थोडीच घ्या. एकदम खूप घातली तर पाणी दुधाळ होतं, श्वास कोंडतो त्यांचा. आज एकच बाजू, दुसरी उद्या. गुणाजीला हे सांगावं लागलं नाही. चटईचे थरही तो असेच द्यायचा, एक धरला की मग दुसरा.

उरला झोआ. बादलीतून काढला तेव्हा तो मिटलेला, चिखलाच्या ढेकळासारखा दिसत होता. गुणाजीनं कागदानं त्याचा तळ टिपला, वाटाण्याएवढं जेल लावलं, पाण्यात नेऊन दगडावर दाबलं, आणि पुतळ्यासारखा धरून ठेवला. मोजून एक मिनिट. हात काढला, तर गोळा तरंगत बाजूला गेला.

त्याचा चेहरा पडला. गुणाजीचा सांधा सुटला होता.

"पाणी लागताच जेलवर पांढरी साय धरते," सम्यक म्हणाला. "ती साय मोडायला हवी. टेकवताना जरा पिळायचं."

दुसऱ्यांदा त्यानं जेल ताजं लावलं, खळगा शोधला, टेकवलं, आणि मनगटानं किंचित पिळलं. बोटांना कळलं. धरल्याची ती एक खूण असते, आतून येणारी. रेझिनमध्ये ती तासानं येते, इथे चार श्वासांत आली. त्यानं हात काढला. गोळा जागेवर होता. सांध्याच्या कडेनं चुन्यासारखी पांढरी रेघ दिसत होती. सम्यकनं पंप लावला आणि कोळशाची छोटी पिशवी पाण्याच्या वाटेत ठेवली, काही सुटलं असेल तर शोषून घ्यायला.

संध्याकाळी वर्षाली आली तेव्हा बाप आणि नवरा टाकीसमोर दोन स्टुलांवर बसले होते आणि कोणी टीव्ही लावला नव्हता. ती दारातच थांबली. "काय झालं?"

"काय नाय," गुणाजी म्हणाला. "तुझी आई आयुष्यभर कोळंबी विकतेय, पण तिला कायपण ठाऊक नाय."

दुसऱ्या दिवशी कमानीची उरलेली बाजूही चिकटवून झाली, पण झोआ मिटलेलाच होता. तिसऱ्या दिवशीही. गुणाजी सकाळी उठला की आधी टाकीपाशी. त्यानं सम्यकला दोनदा विचारलं, मेला तर नाय? सम्यक म्हणाला, वास आला असता, पाणी बिघडलं असतं, वाट बघू. होडीचं एक बरं असतं, गुणाजीच्या मनात आलं, ती पाण्यात लोटली की लगेच कळतं सांधा धरला की नाही. इथे सांधा धरला होता. पुढचं कोणाच्या हातात होतं कोण जाणे.

चौथ्या दिवशी आठच्या सुमाराला टाकीचा दिवा लागला तेव्हा तो चहा घेऊन बसला होता. ढेकळाच्या कडेला एक बारीक भोक दिसलं, टाचणीएवढं. काल नव्हतं. तो बघत असताना ते मोठं झालं. आतून हिरवा रंग आला, कोवळ्या पोपटासारखा, आणि त्याच्या भोवती नारिंगी झालर उलगडली, केसाएवढ्या बारीक बोटांची. मग शेजारचं. मग त्याच्या खालचं. एकापाठोपाठ एक, कोणीतरी घरोघरी जाऊन उठवत असावं तसे ते उघडत गेले, आणि वीस मिनिटांत त्या काळ्या ढेकळाचं नाव राहिलं नाही. पाण्याच्या ओढीत सगळे एकदम डुलत होते. खाली रेतीत नवं बीळ तयार झालं होतं. चौकीदार तोंडाशी बसला होता आणि ती आतून एकेक खडा आणून बाहेर टाकत होती.

चहावर साय धरली. गुणाजीनं कप तसाच खाली ठेवला. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं ह्यांच्या डोक्यावरून होड्या लोटत आलो. वर आपण, खाली हे. आणि एकदाही कोणी आपल्याला सांगितलं नाही की खाली असं काही चाललेलं असतं. देवळात गेल्यावर तो जसे हात जोडी तसे त्याचे हात आपोआप जुळू लागले, मग त्याला त्याची लाज वाटली, आणि त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले.

सम्यक दात घासत बाहेर आला. त्यानं टाकी बघितली, सासऱ्याकडे बघितलं, आणि ब्रश तोंडात तसाच धरून दुसऱ्या स्टुलावर बसला. दोघं किती वेळ बसले कोणास ठाऊक. लॅबमधून फोन आला तेव्हा सम्यक उठला.

आठवडा संपला, गुणाजी कोपरीला परतला. शेडमध्ये त्यानं एक जुना पिंप आणून ठेवला. ब्रश धुतलेलं, हार्डनर सांडलेलं पाणी तो त्यातच ओतू लागला. आधी ते सरळ उतारावरून खाडीत जायचं. शेजारचा साईनाथ हसून म्हणाला, "काय गुणाजीशेठ, खाडी एवढी मोठी, तुझ्या तांब्याभर पाण्यानं काय होतंय?" गुणाजी म्हणाला, "ठाऊक नाय." आणि पिंपावर झाकण ठेवलं.

मध्ये एकदा दुपारी तो आपल्याच दुरुस्त केलेल्या होडीत आडवा झाला आणि तळाला कान लावला. लाह्या फुटत होत्या. पण आता त्याला प्रत्येक चट् वेगळी ऐकू येत होती, आणि प्रत्येकीमागे एक बीळ दिसत होतं. चिखलात, त्या काळ्या पाण्याखाली, पार मुंब्र्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे. तो मोजायला लागला आणि लगेच सोडून दिलं.

तीन महिन्यांनी वर्षालीच्या वाढदिवसाला गुणाजी आणि शेवंती ठाकुर्लीला गेले. सम्यकचं प्लास्टर निघालं होतं. हात अजून बारीक दिसत होता. शेवंती स्वयंपाकघरात शिरली आणि गुणाजी चपला काढून थेट टाकीपाशी गेला. कारागीर आपल्या कामाकडे बघतो तसा तो आधी सांधा शोधू लागला. कमान पक्की होती. झोआ जागेवर होता, पण ती पांढरी रेघ कुठे दिसेना. त्यानं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, खिशातला चष्मा काढून लावला.

"कुठं लावलेलं रे आपण?"

सम्यक शेजारी येऊन वाकला. त्यानं बोट एका जागी नेलं, मग दुसऱ्या. वस्ती पसरली होती. ज्या जागी डिंक होता तिथे आता पाच-सहा नवे, तांदळाच्या दाण्याएवढे, हिरवे ठिपके डुलत होते.

"मलापण कळत नाहीये, बाबा."

"शेवंते," गुणाजीनं आत हाक मारली. "हात पुसून हिकडं ये जरा. आणि सावकाश ये, तो मासा बघतोय."